दुमडलेल्या बाह्या

बोरिवलीच्या स्कायवॉकवर त्या संध्याकाळी तसं काहीच घडलं नव्हतं. मी लॅबमधून सुटून घरी निघालो होतो. समोरून दोन पोरं आली. एकाने माझ्या सॅकचा पट्टा धरला आणि विचारलं, "ए, तू लडका है कि लडकी?" दुसरा हसला. बाजूने लोक जात होते. मी उत्तर दिलं नाही, सॅक ओढून घेतली नाही, पळालोही नाही. नुसता उभा राहिलो. थोड्या वेळाने त्यांनाच कंटाळा आला आणि ते निघून गेले.

मारहाण नाही, चोरी नाही, कुणाला सांगावं असं काही नाही. पण पुढे कित्येक दिवस रस्त्यात कुणी मागून जोरात चालत आलं की माझे पाय तसेच थिजायचे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दुसऱ्यांच्या शरीराशी माझं नीट जमतं. म्हाताऱ्या माणसांची शीर सापडत नसली की मलाच बोलावतात. स्वतःच्या शरीराशी मात्र माझं कधीच पटलं नाही. ते भाड्याने घेतलेल्या खोलीसारखं वाटायचं. राहायचं, पण भिंतीला खिळा ठोकायचा नाही.

आमच्यासारख्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. तिथे कुणीतरी लिहिलं की घाटकोपरला रविवारी सकाळी ज्युडोचा क्लास असतो, तिथे सगळे येतात, कुणी काही विचारत नाही. मी बरेच रविवार नुसता विचार करत घालवले. मग एकदा गेलो.

मी दहिसरला नदीजवळच्या चाळीत बाबांबरोबर राहतो. बाबा महापालिकेच्या पाणीखात्यात होते, आता घरीच असतात. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा मूळचे जालन्याकडचे. इकडे येऊन आयुष्य गेलं तरी त्यांच्या बोलण्यातलं गाव गेलं नाही. मला ते 'माय' म्हणायचे. आमच्याकडे बाप लेकीला माय म्हणतो. "जेवली का माय?" "आली का माय?" मी लेक नव्हतो, हे मला शाळेत असल्यापासून माहीत होतं. त्यांना नव्हतं. घरात मी मुलगा-मुलगी कळेल अशी क्रियापदं टाळून बोलायला शिकलो होतो. 'मी आले' म्हणवत नव्हतं आणि 'मी आलो' म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून "आज यायला उशीर झाला," "जेवण झालंय माझं," "उद्या लवकर निघावं लागेल," असं बोलायचो. याची इतकी सवय झाली होती की वाक्य तोंडातून बाहेर पडायच्या आधीच डोक्यात वळण घ्यायचं. दिवसभर असं बोललं की संध्याकाळी बोलायचाच कंटाळा यायचा.

रविवारी अंधेरीला मेट्रो बदलून घाटकोपरला पोचलो. एका वस्तीतल्या समाजमंदिराचा पहिला मजला. खाली अंगणवाडी, वर हॉल, हॉलमध्ये निळ्या मॅट अंथरलेल्या. शिकवणारी बाई पन्नाशीची होती, केस बारीक कापलेले, आवाज घसा बसल्यासारखा. आधी ती शाळेत पीटी शिकवायची. सगळे तिला कोच म्हणत आणि अरे-तुरे करत. तिनेच तसं बजावलेलं होतं.

"नवीन ना तू? बस," कोच म्हणाली. "इथे सगळ्यांना एकच विचारते. तू आलास म्हणू, आलीस म्हणू, की अजून काही?"

आजूबाजूला बसलेल्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. कुणी पट्टा बांधत होतं, कुणी बोटांना चिकटपट्टी लावत होतं. त्यांच्यातलं एक जण स्वतःबद्दल 'मी आलं' म्हणायचं, लहान मुलाबद्दल बोलतात तसं. सुरुवातीला कानाला खटकायचं, मग सवय झाली. पार्लर चालवणाऱ्या एक ताई होत्या, त्यांना सगळे 'आलात' म्हणत, कारण त्या वयाने मोठ्या होत्या आणि त्यांना मान हवा असायचा.

"आलो," मी म्हणालो.

"बरं. मग आलास तर उठ."

आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत मी ते मराठीत म्हटलं होतं. मला वाटलं होतं असं झालं की मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. आणि दोनच मिनिटांत कोचने मला कोपऱ्यात बोलावून हळू आवाजात विचारलं, "छातीला पट्टा बांधलायस?"

मी मान हलवली.

"तो काढावा लागेल रे. पडताना श्वास कोंडतो, बरगडीला लागतं. इथे एक जण चक्कर येऊन पडला होता. खाली सैल बनियन घाल, वरून आपला ज्युडोचा जाड सदरा असतोच. काही दिसत नाही."

दिसत नव्हतं, हे खरं. पण मला जाणवत होतं. जिथे पहिल्यांदा 'आलो' म्हटलं तिथेच तो पट्टा काढून पिशवीत ठेवावा लागला. हॉलच्या एका कोपऱ्यात साडीचा पडदा लावला होता. बाई-पुरुष असं वेगळं काही नाही, ज्याला आडोसा हवा त्याने तिथे कपडे बदलायचे. त्या पडद्यामागे मी बराच वेळ उभा होतो. परत जावं असंही मनात आलं. बाहेरून ताई म्हणाल्या, "अरे लवकर कर ना, मलाही बदलायचंय." म्हणून बाहेर आलो.

पहिले काही रविवार फक्त पडायचं. मागे पडायचं, बाजूला पडायचं, हनुवटी छातीशी, डोकं टेकू द्यायचं नाही, आणि जमिनीला लागायच्या क्षणी तळहाताने मॅटवर सपकन मारायचं. हात टेकवून अंग सावरायचं नाही, मनगट मोडतं. कोच हे पुन्हा पुन्हा सांगायची. दुसरा नियम असा की समोरच्याने पकडलं आणि सहन होईना तर मॅटवर किंवा त्याच्या अंगावर थाप मारायची. थाप ऐकली की सोडायचंच, वाद नाही. माझे पाय तिथेही थिजायचे. कुणी सदऱ्याची कॉलर धरली की मी दगड व्हायचो. ना ढकलायचो, ना ओढायचो. कोच ओरडायची नाही. म्हणायची, "ठीक आहे, थिज. पण थाप तरी मार." मी तेही विसरायचो.

घरी पाठीवर, कोपरांवर काळेनिळे डाग घेऊन जायचो. बाबांनी एकदा पाहिलं. "कुठं पडली गं माय?"

"क्लासला. ज्युडोच्या."

बाबांनी कोपर उजेडात धरून बघितलं. मग म्हणाले, "चांगलंय. पोरींनी शिकलंच पाहिजे. दिवस बरे नाहीत." दुसऱ्या दिवशी चाळीत शेजाऱ्यांना सांगत होते, आमची पोरगी आता कुणाला ऐकत नाही. आवाजात अभिमान होता. मी आत बसून ते ऐकलं आणि रडू आवरत बसलो. इतकं कौतुक, आणि त्यातलं काहीच घेता येत नव्हतं.

पावसाळा संपता संपता काकू आल्या. साठीच्या आसपासच्या, मुलुंडच्या, विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. चष्म्याला दोरी, केसांचा छोटा अंबाडा. त्यांनी हॉलमध्ये यायच्या आधी खालीच ज्युडोचा ड्रेस घालून वर सलवार-कुडत्याची ओढणी घेतली होती. ड्रेस त्यांच्या मापाचा नव्हता. बाह्या दुमडून आत टाके घातलेले, विजारही तशीच. आल्या तेव्हा हॉलमधले जुने लोक एकदम गप्प झाले. कोच पुढे गेली, त्यांचे हात धरून उभी राहिली.

मग कोच माझ्याकडे आली. "उंची जमते तुमची. तू काकूंबरोबर सराव कर. सावकाश." आणि थोडं बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांचा मुलगा आपल्याकडे यायचा. तू यायच्या आधी. गेल्या वर्षी डेंग्यूने गेला. मी त्यांना नको म्हणत होते, हाडं बघ ना त्यांची. पण त्या ऐकेनात."

"मुलगा म्हणजे..."

"तुझ्यासारखा," कोच म्हणाली.

काकूंनी माझी कॉलर धरली. पकड कशी असते हे मला आता थोडं कळू लागलं होतं. कुणी घाबरून धरतं, कुणी जिंकायला. काकूंनी धरली ती बसमधला दांडा धरावा तशी. पाडायचा काही विचारच नव्हता त्यात. कोचने "सोडा" म्हटलं तरी त्यांना ऐकू यायला वेळ लागायचा.

"दुखलं का रे?" त्या विचारायच्या.

"नाही काकू."

"दुखलं तर सांग हं."

का कोण जाणे, त्यांच्या हातात माझे पाय थिजत नव्हते. कदाचित त्यांना माझ्याकडून काही नको होतं म्हणून. त्यांना फक्त तो जे करायचा ते करून बघायचं होतं. पडायचं कसं, उठायचं कसं, पट्टा बांधायचा कसा. क्लास संपला की आम्ही समाजमंदिराच्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायचो, मग त्या एलबीएस रोडला जाऊन बस धरायच्या.

"एकदा स्वयंपाकघरात आला," त्या एका रविवारी म्हणाल्या. "म्हणतो, आई मला पकड, तुला नवीन डाव दाखवतो. मी म्हटलं, हात पिठाचे आहेत, नंतर. गेला बिचारा. नंतर त्याने परत काही विचारलं नाही. मीही विसरले." चहाचा ग्लास त्यांनी पायरीवर ठेवला. "मला बोलताना तो म्हणायची सवय नव्हती. ती म्हणायचे. अजूनही येतं तोंडात. तो चिडायचा नाही. गप्प व्हायचा."

मी माझाही ग्लास त्यांच्या ग्लासाशेजारी ठेवला.

थंडीच्या दिवसांत, म्हणजे आपल्याकडे असते तेवढ्या थंडीत, त्यांनी मला बाकीचं सांगितलं. ताप आला, दोन दिवस घरी काढले, मग प्लेटलेट्स घसरल्या, आयसीयू, आणि संपलं. सव्वीस वर्षांचा होता.

"घरी आणलं," काकू म्हणाल्या. "माझी जाऊ विचारायला लागली, काय घालायचं. कपाटात सगळे शर्ट आणि पँट्स. मग तिनेच तिच्या मुलीचा पंजाबी ड्रेस आणला. हिरवा. टिकली लावली. केस कापलेले होते ना त्याचे, तर डोक्यावरून ओढणी घेतली. घरात एवढी माणसं होती. सगळे रडत होते. ह्यांचा तर आवाजच गेला होता. मी बघत होते. मला म्हणायचं होतं. तोंड उघडलं नाही माझं."

त्या रडल्या नाहीत. समोरच्या गल्लीत एक बाई मच्छी विकत होती, तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू घरी सांगितलंयस का रे?"

"नाही."

"सांग," म्हणाल्या. एवढंच.

त्या दिवशी मेट्रोत माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. उद्या मला काही झालं तर कोण काय घालेल? चाळीतल्या बायका येतील. आईच्या साड्या ट्रंकेत आहेत. बाबा स्वतः काढून देतील, प्रेमाने, त्यातली चांगलीतली चांगली. त्यांचा काही दोषही नसेल. हे इतकं स्पष्ट दिसलं की मी दहिसरला उतरायच्या ऐवजी बसूनच राहिलो आणि शेवटच्या स्टेशनवरून परत फिरलो.

संध्याकाळी बाबा गॅलरीत बसून तांदूळ निवडत होते. मी शेजारी बसलो. माझं वाक्य तयार होतं, पण तोंडात आलं ते वेगळंच. "बाबा, मला मुलगी म्हणून राहता येत नाही. मी मुलगाच आहे. लहानपणापासून."

बाबांचा हात सुपात थांबला. "लग्नाचं म्हणत असशील तर मी कधी जबरदस्ती केली का?"

"लग्नाचं नाही, बाबा."

"मग?"

मी सांगितलं. जमेल तसं, तुटक. डॉक्टरांना भेटलो होतो, पुढे हार्मोनची औषधं घ्यायचा विचार आहे, लॅबमध्ये दोघांना माहीत आहे. सगळं 'गेलो', 'भेटलो', 'बोललो' असं. प्रत्येक वाक्याला त्यांचा चेहरा थोडा थोडा बंद होत गेला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते तांदळातले खडे परत वेचायला लागले. खाली कुणीतरी बाईक धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"तुझी आई असती तर तिला कळलं असतं," ते म्हणाले. "मला यातलं काही समजत नाही."

"असू दे."

"मग आता माय म्हणायचं नाही का तुला?"

"म्हणा ना. मला आवडतं ते."

हे मी खरं बोललो होतो. त्यांच्या तोंडचा तो एकच शब्द असा होता जो मला कधी टोचला नाही. पण त्यांना ते पटलं नसावं. किंवा मुलाला माय म्हणायचं हे त्यांच्याच्याने होईना. त्या दिवसापासून त्यांनी मला माय म्हटलं नाही. मुलगा असल्यासारखंही कधी बोलले नाहीत. ते म्हणू लागले, "जेवण झालं का?" "आज उशीर दिसतोय." "उद्या सुट्टी आहे का?" मी इतकी वर्षं जसं बोलत होतो, अगदी तसंच आता ते बोलत होते. वाक्य सुरू करताना ते क्षणभर अडायचे. ते अडणं मी ओळखत होतो. त्या वयात त्यांना ते शिकावं लागलं, याचं मला फार वाईट वाटायचं.

काकूंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेळ लागेल." मग लगेच म्हणाल्या, "आम्हीही असंच म्हणायचो, वेळ लागेल."

उन्हाळा सुरू झाला होता तेव्हाची गोष्ट. त्या रविवारी काकूंचं लक्ष नव्हतं. सगळे ओळीत उभे राहून मागे पडायचा सराव करत होते, नेहमीचाच, कुणी कुणाला धरलेलंही नव्हतं. काकू पडल्या आणि पडताना त्यांनी उजवा हात मागे टेकवला. आवाज छोटासाच आला. त्यांनी "आई गं" एवढंच म्हटलं आणि उठून बसल्या. मनगट वाकडं दिसत होतं.

कोच, मी आणि काकू, तिघं रिक्षाने जवळच्या हॉस्पिटलमध्ये गेलो. कोच केसपेपर काढायला थांबली. मी काकूंना घेऊन प्लास्टरच्या खोलीत गेलो. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि दुमडलेली बाही जाड गोट होऊन हातावर रुतली होती. तिथल्या ब्रदरने कात्री उचलली.

"कापू नका," काकू म्हणाल्या.

"आजी, बाही निघणार नाही अशी. कापावीच लागेल."

"नाही. कापायची नाही."

"अहो, मागे लाइन आहे. कपडा दुसरा मिळेल."

काकूंनी डावा हात बाहीवर ठेवला आणि मान खाली घातली. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी ब्रदरला म्हटलं, "टाके उसवतो मी. लॅबमध्ये आहे, हात बसलेला आहे माझा. ब्लेड द्या." त्याने माझ्याकडे बघितलं, काकूंकडे बघितलं, आणि कंटाळून एक ब्लेड दिलं. "पाच मिनिटं," म्हणाला.

टाके बारीक होते, दुहेरी दोऱ्याचे. काकूंनीच घातलेले. आतला कपडा जरासुद्धा कापू न देता बाही दुमडली होती. मी एकेक टाका उचलून तोडत गेलो. हात हलला की त्या श्वास रोखायच्या. शेवटचा टाका सुटला तशी बाही मोकळी होऊन खाली घसरली. ती त्यांच्या बोटांच्याही पुढे गेली. एवढा लांब हात होता त्याचा. काकू त्या लोंबणाऱ्या बाहीकडे बघत राहिल्या आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या. ब्रदर खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. पाच मिनिटं होऊन गेली तरी तो काही बोलला नाही.

प्लास्टर ओलं असतानाच काका आले. उंच, वाकलेले, हातात कापडी पिशवी. आधी त्यांनी हात बघितला. मग माझ्या हातातल्या घडी केलेल्या सदऱ्याकडे त्यांची नजर गेली.

"हा देऊन टाक म्हणालो होतो मी," ते काकूंना म्हणाले.

"नाही दिला."

"तू योगाला जाते म्हणायचीस."

काकांनी माझ्या हातून सदरा घेतला आणि पिशवीत ठेवला. नीट ठेवला, चुरगळू न देता. कोचने त्यांची माफी मागितली. ते "तुमची काय चूक" म्हणाले, पण तिच्याकडे बघून नाही.

काही आठवड्यांनी मी मुलुंडला त्यांच्या घरी गेलो. काकूंचं प्लास्टर निघालं होतं, मनगट वळत नव्हतं. जुनी सोसायटी, दुसरा मजला, दारात तुळस. काकांनी चहा केला, कारण काकूंना पातेलं उचलता येत नव्हतं. बैठकीत भिंतीवर फोटो होता, चंदनाच्या हाराचा. लांब केस, कानात डूल, कॉलेजच्या वयाचा चेहरा. मी त्याच्याकडे फार वेळ बघायचं टाळलं. मला माहीत होतं की त्यानंतरचे कितीतरी फोटो कोचच्या फोनमध्ये आहेत.

"आमची मुलगी," काका म्हणाले.

काकू मनगट चोळत होत्या. चोळता चोळता म्हणाल्या, "मुलगा."

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं आता काहीतरी होईल. पण त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या घरी माहीत आहे?"

"वडिलांना सांगितलंय."

"काय म्हणाले?"

"काही नाही."

काकांनी माझा रिकामा कप उचलून आपल्या कपाशेजारी ठेवला. "मीपण काही म्हणालो नव्हतो," ते म्हणाले. "मला वाटलं, भांडण नको. गप्प राहिलेलं बरं. तिला वाटलं असेल मला चालत नाही." ते थांबले. "मला चालत होतं की नाही, तेही मी कधी बघितलं नाही."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. हे त्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असावं. मी निघालो तेव्हा काका जिन्यापर्यंत सोडायला आले. "जपून जा," म्हणाले, आणि काहीतरी म्हणायचं राहिलं असल्यासारखे तिथेच उभे राहिले.

काकू परत क्लासला आल्या नाहीत. डॉक्टरांनी नको सांगितलं होतं. दिवाळीनंतर त्यांनी मुलुंडचं घर बंद केलं आणि दोघं मोठ्या मुलाकडे पुण्याला गेले. सुरुवातीला फोन यायचा, रविवारी क्लास सुटायच्या वेळेला. आज काय शिकवलं, कोण कोण होतं, पार्लरवाल्या ताईंचा गुडघा कसा आहे. मग सणासुदीला यायला लागला. मी केला तर काका उचलायचे, म्हणायचे, झोपली आहे, सांगतो. आता मीही फारसा करत नाही. भिंतीवरचा फोटो त्यांनी बदलला का, हे विचारावं असं पुष्कळदा वाटलं. विचारलं नाही.

हॉलमध्ये नवीन माणसं येत राहतात. काही एकाच रविवारी येतात आणि परत दिसत नाहीत. कोच कुणाचाही पाठपुरावा करत नाही. म्हणते, ज्याला दार माहीत आहे तो येईल. माझी पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. पहिल्यांदा नापास झालो. समोरच्याने गळ्याशी धरलं आणि मी पुन्हा दगड झालो. दुसऱ्या वेळी पास झालो. कोच म्हणाली, "पाय हलले रे तुझे." त्या दिवशी सगळे मिसळ खायला गेले. मी गेलो नाही, मेट्रोने घरी आलो. वाटेत कुणाला तरी फोन करून सांगावं असं वाटत होतं आणि कुणाला ते सुचत नव्हतं.

औषधं सुरू केल्यावर माझा आवाज फुटायला लागला. बाबांनी ते ऐकलं, पण विषय काढला नाही. चाळीतल्या कुणी विचारलं तर सांगतात, घशाचं दुखणं आहे. त्यांचे स्वतःचे गुडघे आता पार गेलेत. तरी जेवायला खालीच बसतात, टेबलाचं नाव काढू देत नाहीत. परवा जेवण झाल्यावर त्यांना उठता येईना. भिंतीला धरून दोनदा प्रयत्न केला. मी पुढे होऊन हात दिला. त्यांनी माझं मनगट पकडलं, मी पाय नीट रोवले आणि त्यांना वर घेतलं. वाटले होते त्याहून ते खूपच हलके होते.

उभे राहिल्यावर त्यांनी लगेच हात सोडला नाही. "जोर आलाय हातात," म्हणाले.

"हो."

मग ते भिंतीच्या आधाराने मोरीकडे गेले आणि मी ताटं उचलली.